पर्व्हिटिन, ताण आणि मेंदू
बर्लिनच्या टेमलर कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणलेली पर्व्हिटिन ही गोळी म्हणजे मेथॲम्फेटामाइन हे उत्तेजक होते, आणि १९४० च्या फ्रान्स मोहिमेत जर्मन सैनिकांना झोप टाळण्यासाठी तिचा सढळ पुरवठा झाला. अर्थात त्या चढाईचे श्रेय गोळीला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. हे द्रव्य चेतापेशीत शिरून डोपामाइन, म्हणजे प्रेरणा जागवणारे रसायन, पेशींमधील फटीत लोटते आणि ते परत आत घेणाऱ्या वाहक प्रथिनाची दिशाच उलटवते, त्यामुळे थकवा शरीरात तसाच राहून केवळ जाणवेनासा होतो. ताणाच्या काळात अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉलही याच डोपामाइन-यंत्रणेवर परिणाम करते, म्हणून गोळी सुटल्यानंतरही नव्या ताणाने तिची ओढ पुन्हा उफाळू शकते. १९४१ मध्ये जर्मनीने पर्व्हिटिन अफूविषयक कायद्याखाली आणली, तरी सैन्यातील वापर थांबला नाही.