आईचा थकवा आणि आमचा संशय
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)

मी डॉक्टर नाही. सरकारी पाणीपुरवठा खात्यात उपयंत्री आहे, शिक्षण डिप्लोमा. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो, कारण आमच्या घरी एक चूक झाली आणि ती आईला सोसावी लागली.

आईला टाइप टू मधुमेह. गोळ्या वेळेवर, पथ्य कडक. तरी वजन वाढायचं, पाय जड व्हायचे, पोट साफ नसायचं. इंदूरच्या भर एप्रिलमध्ये तिला चादर लागायची. आम्ही म्हणायचो, "अगं आई, चोरून गोड खातेस." तिनं मोदकाला हातही लावला नव्हता.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच करायला सांगितलं. ते खूप वाढलेलं निघालं. अँटी-टीपीओही पॉझिटिव्ह. निदान झालं, हाशिमोटो. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते.

टाइप वन मधुमेहही याच जातीचा, म्हणून या दोघांचं नातं जवळचं. टाइप टू त्या जातीचा नाही. त्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. पण थायरॉइड मंदावलं की ती दाद आणखी कमी होते आणि कोलेस्टेरॉल वाढतं. एचबीएवनसीचा आकडासुद्धा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणजे आकडा वाढला की दोष पथ्याचाच, असं नाही.

साखरेच्या रुग्णाला असा थकवा, थंडी, सूज वाटत असेल, घरात कुणाला थायरॉइड असेल, तर डॉक्टरांना टीएसएचबद्दल जरूर विचारा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. गोळी सुरू झाल्यावर साखरही तपासत राहा, कारण मधुमेहाच्या औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करायचं. आणि मनानं कुठलीच गोळी बंद करायची नाही.

आई आता बरी आहे. आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिची माफी घरी मागितली होती, आज तुमच्यासमोर मागतो. आपल्या माणसावर संशय घेण्याआधी त्याची तपासणी करून घ्या, एवढंच सांगायचं होतं.

गणपती बाप्पा मोरया!