चार पानांची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी मला वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा भाताच्या खाचरात दिला. बांधालगतच्या चिखलातून चार पानांची एक नाजूक वनस्पती खुडून मी वर्गात आणली आणि 'चार पानांची आंबुशी सापडली' असे मोठ्या ऐटीत सांगितले. गुरुजींनी नाव सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ही होती कुठे? आणि हिचे मूळ कुठे ठेवून आलास?"

आम्ही दोघे खाचरात गेलो. आंबुशीला तीन पर्णिका, पिवळे फूल आणि आंबट चव असते. येथे पर्णिका चार होत्या आणि फुलाचा मागमूस नव्हता. कोवळे पान टोकाकडून आत गुंडाळलेले होते. नेच्यांच्या कुळाची ही ठळक खूण. खोड चिखलात सरपटत गेले होते. देठांच्या तळाशी वाटाण्याहूनही लहान, टणक गाठी होत्या. नेच्याचे बीजाणू त्यांत सुरक्षित असतात. ती वनस्पती म्हणजे मार्सिलिया. इटालियन निसर्गाभ्यासक मार्सिली यांच्या स्मरणार्थ हे नाव रूढ झाले. लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथात ते आढळते.

पाणी भरलेले असताना हिच्या पर्णिका पृष्ठभागावर तरंगतात. पाणी ओसरले की त्याच ताठ उभ्या राहतात. स्थळ ठाऊक नसेल, तर एकच वनस्पती दोन भासावी. जात निश्चित करण्यासाठी तर त्या गाठीच पाहाव्या लागतात, आणि मी खुडून आणलेल्या पानांना नेमक्या त्याच नव्हत्या. गुरुजींनी नाव का सांगितले नाही, हे मला तेव्हा उमगले.

त्या टणक गाठी कोरडा काळ सोसतात आणि पाणी मिळताच पुन्हा जीव धरतात. परंतु मातीचा भराव त्यांना सोसवत नाही. आमच्या त्या खाचरावर आज इमारती उभ्या आहेत. गुरुजींनी कागदावर चिकटवलेला नमुना मात्र मी जपला आहे. त्याखाली त्यांनी प्रथम स्थळ लिहिले, नंतर ऋतू आणि शेवटी नाव.

मित्रांनो, येत्या पावसाळ्यात एखाद्या डबक्याकाठी खाली बसून पाहा. खुडण्याची घाई करू नका. वनस्पतीचे नाव पुस्तकात पुढेही सापडेल. तिचे स्थळ तेथे असेलच, याची शाश्वती नाही.