वादकांच्या वतीने बोलणारा माणूस

धानाची कापणी-मळणी आटोपली की अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, झाडीपट्टीची नाटकं रंगू लागतात. प्रयोग रात्रभर चालतो. नटाला विंगेत घोटभर चहा तरी घेता येतो. ऑर्गनवाल्याला आणि तबलजीला मात्र जागा सोडता येत नाही. पद सुरू झालं की सूर-ठेका त्याच क्षणी हवा.

या मेहनतीचा दाम कोण ठरवणार? मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वादकांनी 1950च्या दशकात सिने म्युझिशियन्स असोसिएशन उभारली. तेव्हा ध्वनिमुद्रणाला व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसत आणि त्यांत गोव्याहून आलेले वादक पुष्कळ असत. वादकांच्या श्रेणी ठरल्या, श्रेणीनुसार पाळीचे दर ठरले. संघटनेच्या पुढाऱ्याचं खरं काम इथे सुरू होतं: निर्मात्यांशी दराची बोलणी करणं, वेळ वाढली तर जादा मोबदला मागणं, थकलेले पैसे वसूल करणं. एकटा वादक पैशांसाठी तगादा लावायला धजत नाही, कारण पुढचं बोलावणंच बंद होईल. पुढारी जातो तो सगळ्यांच्या वतीने, म्हणून त्याच्या शब्दाला वजन असतं.

आपल्याकडे झाडीपट्टीतही हंगामभर नाटक कंपन्यांच्या गाड्या वडसा गावाहून निघतात. त्यांत बसणाऱ्या प्रत्येक वादकाच्या हाती लेखी करार असायलाच हवा: रात्रीचा दर, अवकाळी पावसाने प्रयोग रद्द झाला तर मिळायची रक्कम आणि पहाटेच्या परतीच्या प्रवासाचा विमा.