बाप रे!

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी खांडबारा स्टेशनवर उतरलो. समोरून टक्कल पडलेले एक गृहस्थ येत होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं आणि दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "बाप रे!" नावं मागाहून आठवली. म्हणून आज या दोन शब्दांवरच बोलतो.

व्याकरणाच्या तासाला आपण पाठ केलं होतं : 'बापरे' हे केवलप्रयोगी अव्यय. मनातली भावना एकदम बाहेर पडते, ती अशा शब्दांतून. एक मार्क मिळाला, विषय संपला. पण फोड करून पाहा. 'बाप' अधिक 'रे'. हा 'अरे'मधला 'रे', पुरुषाला हाक मारण्याचा. बाईला 'गं', म्हणून 'आई गं'. म्हणजे हा उद्गार मुळात हाक आहे. घाबरलेलं लेकरू बापाला बोलावतं. आपल्याला नातवंडं झाली, तरी सोन्याचा भाव ऐकला की आपणही बोलावतोच!

ही हाक इंग्रजांनीही ऐकली. १७७५ साली कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना फाशी दिलं, तेव्हा जमलेले लोक 'आ बाप रे' असा आक्रोश करत तिथून निघून गेले, अशी एका कॅप्टनची साक्ष आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात ती दिली आहे. त्याच कोशात 'बॉबरी' हा शब्द आहे. अर्थ, गोंगाट, दंगा. कोशकारांनी तो 'बाप रे'वरून आल्याचं सांगितलं आहे. एकाने जिवाच्या आकांताने बापाला मारलेली हाक, दुसऱ्याच्या कानाला नुसता गोंगाट!

हे वाचलं आणि मला आपला नववीचा वर्ग आठवला. बाकाखाली विंचू निघाला होता. पाड्यावरून आलेला एक मुलगा उडी मारून ओरडला, "याहा!" आपण सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने मी. वर्षभर त्याला त्याच शब्दाने चिडवलं. पुढे त्याने वर्गात उत्तरासाठी हात वर करणंच सोडलं.

महाशिवरात्रीला आपल्याकडून देवमोगऱ्याला याहा मोगीच्या यात्रेला माणसं जातात, हे मला माहीत होतं. 'याहा' म्हणजे आई, हे मात्र मी कधी विचारलंच नाही. विंचू पाहून पोराने आईला हाक मारली होती. माझी आजीही घाबरली की अहिराणीत 'माय वं' म्हणायची. ते मात्र मी शाळेत येताना घरीच ठेवून यायचो.

सकाळी स्टेशनवर भेटला तो हाच मित्र. त्याच्या तोंडून 'बाप रे' निघालं, 'याहा' नाही. त्याला हे आठवतही नसेल. मला आठवतं. मित्रा, त्या हसण्याबद्दल आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

आणि गुरुजनांना एक विनंती. वर्गात कुणी पोर आपल्या बोलीत दचकलं, तर बाकीच्यांना त्या शब्दाचा अर्थ त्यालाच सांगू द्या.