पाचाडची तक्क्याची विहीर

रायगड पाहायला लोक लांबून येतात, पण पायथ्याच्या पाचाडला गाडी थांबते ती चहापुरती. आम्ही गटातल्या बाया गेलो तेव्हा आधी गाव पाहिलं, गड नंतर.

गडावरची थंड हवा, वारा जिजाऊंना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला. आज जोती अन् पडक्या भिंती उरल्यात. आवारात तक्क्याची विहीर आहे. काठावर टेकून बसायला दगडाचाच तक्क्या! महाराज तिथं बसून पाण्याला आलेल्या बायकांची गाऱ्हाणी ऐकायचे, असं सांगतात. गाऱ्हाण्यासाठी बायकांना गड चढावा लागत नव्हता.

६ जून १६७४ ला गडावर राज्याभिषेक झाला. १७ जूनला जिजाऊ पाचाडलाच गेल्या. समाधीपाशी आम्ही बराच वेळ बसलो, कुणी काही बोललं नाही.

मग विहिरीकडे बघत आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या वरच्या आळीला नळ नाही, हे आपण ग्रामसभेत कधी बोललो का?" खरंच, नव्हतो बोललो. मागं उभ्या राहायचो, सही करून घरी.

येत्या सभेला आम्ही पुढं बसणार आहोत. अर्ज लिहून झालाय, अठराजणींच्या सह्यांनिशी.