इस्कंदरियातील एक दिवस
(शाळेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात इतिहास शिकवीत असताना एका मुलाने मला विचारले, "सर, इस्कंदरियाचे जुने ग्रंथालय आपल्या लोकांनी जाळले, हे खरे आहे का?" त्याने ते कुठेतरी वाचले होते. मला उत्तर ठाऊक नव्हते. "पुढे पाहू," असे म्हणून मी फळ्याकडे वळलो. शिक्षकाने वेळ मारून नेली की मुलांना ते बरोबर कळते. त्या मुलाचा चेहरा मी विसरू शकलो नाही.

गेल्या वर्षी उमरा करून परतताना कैरोला थांबण्याचा योग आला. माझा मामेभाऊ तेथे शिकतो. त्याच्या वसतिगृहातील विद्यार्थी एका दिवसाच्या सहलीस इस्कंदरियाला निघाले होते. त्यांनी मलाही बसमध्ये जागा दिली. अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. फजरची नमाज पढून निघालो, वाटेत 'तामिया' नावाचे गरम वडे खाल्ले आणि उन्हे वर येईतो भूमध्य समुद्र समोर दिसू लागला.

सिकंदराने इ.स.पू. 331 मध्ये वसविलेले हे शहर. प्रथम आम्ही कायतबाईचा किल्ला पाहिला. जगातील सात आश्चर्यांपैकी एक असलेला दीपस्तंभ याच जागी उभा होता. प्रवासी इब्न बतूता 1326 मध्ये येथे आला, तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती. 1349 मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा आत शिरणेही शक्य नव्हते. या दोन भेटींच्या दरम्यान तो हिंदुस्थानात राहिला आणि आपले दौलताबादही पाहून गेला. भूकंपांनी दीपस्तंभ पाडला. पुढे 1477 मध्ये सुलतान कायतबाई याने तेथे किल्ला बांधावयास घेतला.

दुपारी नव्या ग्रंथालयात गेलो. 2002 साली उघडलेली ही इमारत समुद्राकडे कललेल्या प्रचंड तबकडीसारखी दिसते. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातील नाना लिप्यांची अक्षरे कोरली आहेत. आत दोन हजार वाचक एका वेळी बसू शकतात. जुन्या ग्रंथालयाचा प्रमुख इरॅटोस्थेनिस याने याच शहरात दुपारची सावली मोजून पृथ्वीचा परीघ काढला होता. आपण भूगोलात शिकतो तो हाच!

तेथील पायऱ्यांवर बसून मी त्या मुलांपुढे माझा जुना प्रश्न मांडला. इतिहास शिकणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आधी तारखा पाहा." परत आल्यावर मी त्या पाहिल्या. इ.स.पू. 48 मध्ये ज्युलियस सीझरच्या लढाईत बंदरावर आग लागली, तीत पुष्कळ ग्रंथ गेल्याचे प्राचीन लेखक सांगतात. सेरापिसचे मंदिर, जेथे ग्रंथालयाची शाखा होती, इ.स. 391 च्या सुमारास उद्ध्वस्त झाले. अरब सैन्य आले ते त्यानंतर अडीचशे वर्षांनी. हजरत उमर यांच्या आज्ञेने ग्रंथ जाळल्याची कथा तर त्याहूनही साडेपाचशे वर्षांनी लिहिलेली आढळते. गिबनने तिच्यावर अविश्वास दाखविला, मौलाना शिबली नोमानींनी उर्दूत तिचे सविस्तर खंडन केले आणि आजचे इतिहासकारही ती खरी मानीत नाहीत.

तो मुलगा आता आखातात नोकरीस आहे. मी त्याला फोनवर हे सारे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमच्या अजून लक्षात आहे?"

मला समाधान वाटले, पण ते फार वेळ टिकले नाही. कारण जुने ग्रंथालय केवळ आगीने संपले नाही. राजाश्रय आटला, विद्वान निघून गेले, वाचणारे कमी झाले. शेकडो वर्षे ते असे झिजत गेले. उलट नव्या ग्रंथालयाचे पाहा. जानेवारी 2011 मध्ये शहरात दंगल पेटली, तेव्हा तरुणांनी आणि कर्मचाऱ्यांनी हातात हात धरून इमारतीभोवती कडे केले आणि ती वाचविली.

आणि माझे काय? आमच्या शाळेत पुस्तकांची दोन कपाटे आहेत. पुस्तके हरवतील, फाटतील, हिशेब द्यावा लागेल, म्हणून मी त्यांना कुलूप लावून ठेवले होते. किल्ली सात वर्षे माझ्याच खिशात होती. आपल्या लोकांनी ग्रंथ जाळले नाहीत हे मी सिद्ध केले खरे, पण माझ्या मुलांना ते वाचूही दिले नव्हते.

आता ती कपाटे मधल्या सुट्टीत उघडी असतात. सहा महिन्यांत चार पुस्तके परत आलेली नाहीत. पालकहो, त्यांपैकी एखादे आपल्या घरी सापडले तर मुलाला रागावू नका. आधी आपण ते वाचा, आणि मग शाळेत पाठवा.