बाबांना शब्द कळावेत म्हणून घेतलेला रिसीव्हर

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते आणि मध्येच भुंकलेलं कुत्रं, दोन्ही काढून टाकलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "घरी होम थिएटर करायचंय, रिसीव्हर कुठला घेऊ?" मॉडेलचं नाव मी सांगणार नाही, कारण सहा महिन्यांत ते जुनं होतं. त्याऐवजी मी काय घेतलं, कुठे माती खाल्ली आणि ते कसं निस्तरलं, ते सांगतो.

आमचं घर इचलकरंजीचं. बाबांनी तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून काम केलं. मागाच्या खडखडाटात माणूस बोलत नाही, हातवारे करतो. कानाला काही लावायची तेव्हा पद्धत नव्हती. आता ते घरी असतात आणि दिवसभर टीव्ही चालू असतो. माझ्या लहानपणी आवाज 15 वर असायचा, मागच्या वर्षी तो 45 वर गेला. आईचं डोकं उठायचं. ती म्हणायची, "अहो, शेजारच्यांना पण ऐकवताय का?" बाबा कमी करायचे, दहा मिनिटांनी पुन्हा वाढवायचे.

दिवाळीला मी पुण्याहून घरी गेलो होतो. सगळे मिळून एक विनोदी सिनेमा बघत होतो. माझ्या लक्षात आलं, की आम्ही हसलो की बाबा आमच्याकडे बघतात आणि मग हसतात. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा. नंतर गच्चीवर विचारलं तर म्हणाले, "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत."

मी इंजिनिअर माणूस. प्रॉब्लेम दिसला की वस्तू विकत घ्यायची, ही आमची खोड. बोनस आला होता. म्हटलं, रिसीव्हर आणि पाच स्पीकर घेऊन टाकू.

आधी रिसीव्हर म्हणजे काय ते थोडक्यात. तो एक डबा आहे, तीन कामं करतो. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक वगैरे जोडायला जागा देतो. त्यांच्याकडून आलेला डिजिटल आवाज उलगडून कुठला भाग कुठल्या स्पीकरला द्यायचा ते ठरवतो. आणि स्पीकर चालवायला ताकद देतो. 5.1 म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा थोडे मागे दोन, हे झाले पाच. तो .1 म्हणजे सबवूफर, ढुम्म आवाजासाठी. 5.1.2 लिहिलं असेल तर शेवटचे दोन छताकडचे.

आता पहिली चूक. मी खोक्यावरचे वॅट बघून रिसीव्हर निवडला. मोठ्या अक्षरात 150 वॅट लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं: एकच चॅनेल चालू, 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन. म्हणजे एकच स्पीकर, एकच सूर, आणि तोही फाटेपर्यंत ताणलेला. खरा आकडा बघायचा तो 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन 0.1 टक्क्याच्या आत, असा लिहिलेला. माझ्या डब्याचा तो आकडा 150 च्या जवळपासही नव्हता. पण गंमत म्हणजे त्याने फरकही पडत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! दहा बाय चौदाच्या खोलीत रोजच्या बातम्या ऐकायला सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. जास्तीची ताकद लागते ती सिनेमातल्या धमाक्यांना, काही क्षणांपुरती. तेव्हा वॅटच्या मागे लागू नका.

मागे लागायचं ते जोडणीच्या. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टवर आर्क किंवा ई-आर्क असं लिहिलेलं असतं. त्या एका वायरीतून टीव्हीमधल्या अ‍ॅपचा आवाज उलटा रिसीव्हरकडे जातो. आर्कमधून स्ट्रीमिंगचं डॉल्बी डिजिटल प्लस जातं, त्यावर बसवलेलं अ‍ॅटमॉसही जाऊ शकतं. ब्लू-रे डिस्कवरचा लॉसलेस आवाज टीव्हीमार्गे न्यायचा तर ई-आर्क लागतं. तुम्ही फक्त ओटीटी बघत असाल तर आर्कवर भागतं. गेमिंग कन्सोल असेल तर 4के 120 हर्ट्झ रिसीव्हरच्या किती पोर्टना चालतं ते तपासा, किंवा कन्सोल सरळ टीव्हीला लावा.

दुसरी चूक मोठी होती. सगळं जोडलं, आवाज आला, घर हादरलं, मी खूश. बाबांना विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "छान आहे." मी पुण्याला परत आलो. तीन आठवड्यांनी आईचा फोन: "अरे, तुझा तो डबा बंदच असतो. बाबा टीव्हीचाच आवाज लावतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत."

मी शनिवारी पहिली गाडी पकडली. डब्याच्या समोरच्या पट्टीवर बघितलं तर लिहिलेलं: पीसीएम 2.0. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट पीसीएमवर राहिलं होतं. आर्कमधून पीसीएम फक्त दोन चॅनेलचं जातं. वर रिसीव्हर स्टिरिओ मोडवर. म्हणजे मधला स्पीकर तीन आठवडे मुका होता! आणि सिनेमातले संवाद बहुतेक सगळे त्याच मधल्या स्पीकरमधून येतात. ज्या एका स्पीकरसाठी खर्च केला, तोच बंद. ऑफिसमध्ये कुणी असं टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

मग नीट बसलो. काय काय केलं ते क्रमाने सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल.

टीव्हीचं आऊटपुट ऑटो किंवा पास-थ्रूवर टाकलं. पट्टीवर डॉल्बीचं नाव उमटलं. पण मराठी मालिका आणि बातम्या तर बहुतेक स्टिरिओच असतात, त्यांचं काय? त्यासाठी रिसीव्हरमध्ये डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल एक्ससारखा मोड असतो. डाव्या-उजव्या दोन्हीत जे सारखं आहे, म्हणजे बहुधा बोलणं, ते तो मधल्या स्पीकरकडे वळवतो.

मधला स्पीकर मी टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलला होता, त्यामुळे आवाज घुमायचा. तो काठापर्यंत पुढे आणला, खाली रबराचा तुकडा लावून तोंड बाबांच्या कानाच्या उंचीकडे केलं. एक रुपया खर्च नाही आणि सगळ्यात जास्त फरक.

रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो, खोली मोजायला. पहिल्यांदा मी तो गादीवर ठेवला होता, वर पंखा चालू. या वेळी स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर, पंखा बंद, आईचा कुकर बंद. मोजणी झाल्यावर स्पीकर 'लार्ज' दाखवले, ते हाताने 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ ठेवला. त्याखालचा जड आवाज सबवूफर बघेल. मग मधल्या स्पीकरची पातळी 3 डेसिबलने वाढवली. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करणारा मोड लावला. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी मिसळलेला असतो, कुजबुज अगदी हळू आणि स्फोट कानठळ्या बसवणारा. हा मोड दोन्हींतलं अंतर कमी करतो.

शेवटचं म्हणजे फरशी. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, आवाज आपटून परत येतो आणि शब्द पुसट होतात. आईने आजीची जुनी सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला. पाच हजारांच्या वायरीपेक्षा ही सतरंजी भारी.

त्या रात्री टीव्ही बराच खाली होता. बाबा बातम्या बघत होते आणि निवेदकाशी भांडत होते. म्हणजे शब्द पोचत होते.

पण थांबा, गोष्ट इथे संपली असं सांगितलं तर ती जाहिरात होईल. सगळं कळत नव्हतंच. मग मी त्यांना कान तपासायला नेलं. आधी नाही म्हणाले, "मी काय बहिरा आहे का?" तपासणीच्या आलेखात रेषा 4000 हर्ट्झच्या आसपास धाडकन खाली आलेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं असंच होतं. स, श, त, क या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज याच वरच्या पट्ट्यात असतो. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. "आवाज येतो, शब्द कळत नाहीत," हे त्यांनी मला गच्चीवर सांगितलं होतं. मी ते ऐकून थेट दुकानात गेलो, खरं तर आधी डॉक्टरकडे जायला हवं होतं. आता त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत, सवय व्हायला दोन महिने गेले.

मग रिसीव्हर वाया गेला का? नाही. दोन्ही मिळून काम होतं. फक्त क्रम उलटा हवा होता.

तुमच्यासाठी थोडक्यात. भाड्याचं घर असेल, वायरी ओढता येत नसतील तर मधला चॅनेल असलेला साउंडबार पुरे. रिसीव्हर त्याने घ्यावा ज्याला हळूहळू वाढवायचंय: आज समोरचे तीन, पुढच्या वर्षी मागचे दोन. पैसे स्पीकरवर जास्त घाला, ते पंधरा-वीस वर्षं टिकतात. एचडीएमआय बदलत राहतं म्हणून डबा आधी म्हातारा होतो. डब्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, त्याला वरून हवा लागते. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की प्लगसोबत केबलची वायरही काढा. माझा एक पोर्ट तसाच गेलाय.

परवा घरी गेलो होतो. सिनेमा लावला. एका विनोदावर बाबा आधी हसले आणि आम्हाला म्हणाले, "कळलं नाही का?"

तुम्ही हे बहुतेक इअरफोन लावून ऐकताय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास, ही मर्यादा सांगते. आवाज दोन काड्या कमी करा. पुढच्या भागात भेटू!